मंगळावर विकिपीडिया कसा चालेल? गमतीचे पण हिशेबात बसणारे अंदाज द्या

दुर्बीणवाला

समजा २०६० च्या सुमारास मंगळावर शंभरएक माणसांची कायमची वस्ती झाली आहे. त्यांतल्या एकीला जेवताना प्रश्न पडला की पालकात लोह खरंच किती असतं. ती विकिपीडिया उघडायला गेली, तर नेमकं काय होईल? पृथ्वीवरून पान येईल, की सगळा कोश आधीच सोबत नेलेला असेल? तिला लेखात चूक दिसली तर ती दुरुस्त कशी करणार? आणि दहा वर्षांनी तिथला कोश आणि इथला कोश एकच राहिलेला असेल का?

कल्पनाशक्ती हवी तेवढी ताणा, फक्त भौतिकशास्त्र आजचंच ठेवा. मंगळ जवळ असताना साडेपाच कोटी किलोमीटर, लांब असताना ४० कोटी. म्हणजे प्रकाशाला एका बाजूने ३ ते २२ मिनिटं लागतात. यात सूट नाही.

पॅकेटपंत

थेट पृथ्वीवरचं पान उघडणं विसरा. मंगळ ३६ कोटी किमीवर आहे, म्हणजे एका बाजूला २० मिनिटं, असं धरून मोजू. पत्ता विचारायला डीएनएसची एक फेरी: ४० मिनिटं. टीसीपीची, म्हणजे दोन यंत्रांमधली, जोडणी: ४०. मग गुप्ततेसाठी टीएलएस १.३ चं हस्तांदोलन: ४०. मग पानाची मागणी आणि त्याचं उत्तर: ४०. दोन तास चाळीस मिनिटांनी नुसता मजकूर येईल. विकिपीडियाची चित्रं वेगळ्या पत्त्यावरून येतात, त्यामुळे तीच चारही पायऱ्यांची वारी पुन्हा. पालकाचा फोटो दिसायला पाच तास वीस मिनिटं.

तेही सगळ्यांनी दम धरला तर. प्रत्यक्षात डीएनएसचा ग्राहक पाच सेकंदांत उत्तर नाही म्हणून पुन्हा विचारतो आणि लगेच हात टेकतो. लिनक्सवर टीसीपी जोडणीचा पहिला निरोप उत्तराअभावी काही वेळा परत पाठवला जातो आणि एक-दोन मिनिटांत प्रयत्न सोडला जातो. मंगळ सर्वांत जवळ असतानाही फेरीला सहा मिनिटं लागतात, म्हणजे जोडणी कधीच होणार नाही. मंद इंटरनेट आणि हे यांत फरक आहे. इथे संवादाची पद्धतच लागू पडत नाही.

यावरचा उपाय १९९८ पासून घडतो आहे. इंटरनेटच्या जनकांपैकी एक व्हिंट सर्फ आणि नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेच्या मंडळींनी आंतरग्रहीय इंटरनेटचं काम तेव्हा सुरू केलं आणि त्यातून डीटीएन, म्हणजे विलंब सोसणारं जाळं, आलं. यात समोरच्याशी बोलणं नसतं. सगळी माहिती एका गठ्ठ्यात बांधायची, पुढच्या थांब्यावर द्यायची, वाट मोकळी होईपर्यंत त्याने ती साठवायची, मग पुढे. अवकाश स्थानकावर २०१६ पासून हे कायम चालू आहे, आणि २०२४ साली सोडलेला नासाचा पेस उपग्रह रोजच्या कामाला हेच वापरतो. गठ्ठ्यांच्या नियमांची सातवी आवृत्ती २०२२ मध्ये आली.

त्या आवृत्तीतला एक खड्डा आत्ताच सांगून ठेवतो. प्रत्येक गठ्ठ्यावर आयुष्य लिहिलेलं असतं, ते संपलं की थांबे गठ्ठा टाकून देतात. सहाव्या आवृत्तीत हे सेकंदांत लिहायचे, सातव्यात मिलिसेकंदांत. दोन आठवडे म्हणून सवयीने १२०९६०० लिहिलंत, तर नव्या नियमात ती होतात २० मिनिटं १० सेकंद. मंगळ ३६ कोटी किमीवर असताना गठ्ठा पोचेल आणि दहा सेकंदांत मरेल. चाचणीच्या टेबलावर हे कधीच पकडलं जाणार नाही, कारण तिथे विलंबच नसतो.

आता वेगाबद्दल. सगळीकडे नासाच्या सायकी यानावरच्या लेझरचे आकडे फिरतात: डिसेंबर २०२३ मध्ये ३.१ कोटी किमीवरून सेकंदाला २६७ मेगाबिट, एप्रिल २०२४ मध्ये २२.६ कोटी किमीवरून २५ मेगाबिट. चित्रांसकट इंग्रजी विकिपीडियाची ऑफलाइन फाइल साधारण ११० जीबी. पहिल्या वेगाने ती ५५ मिनिटांत जाईल, दुसऱ्या वेगाने पावणेदहा तासांत. ऐकायला छान वाटतं, पण हे दोन्ही वेग यानाकडून पृथ्वीकडे येणारे आहेत. आपल्याला कोश उलट्या दिशेने पाठवायचा आहे. मंगळाभोवतीच्या यानांना पृथ्वीवरून जाणाऱ्या आज्ञा सहसा सेकंदाला काहीशे ते दोन हजार बिट या वेगाने जातात, कारण आजवर तिकडे पाठवण्यासारखं आज्ञांपलीकडे फारसं नव्हतंच. दोन हजार बिटने ११० जीबी पाठवायला जवळजवळ १४ वर्षं लागतील.

माझा अंदाज असा: वस्ती उभी राहण्याआधी कधीतरी मंगळाच्या कक्षेत केवळ घेण्यासाठी बांधलेली मोठी तबकडी किंवा दुर्बीण जाईल. पृथ्वीवर पाठवण्याची ताकद भरपूर आहे, तोकडा पडतो तो तिकडचा कान.

डबाबंद

पॅकेटपंतांचा १४ वर्षांचा आकडा भिंतीवर लावावा असा आहे. म्हणूनच मूळ कोश रेडिओने जाणारच नाही, यानातून जाईल. एक टीबीचं मायक्रोएसडी कार्ड पाव ग्रॅमचं असतं. सात महिन्यांच्या प्रवासावर ते वाटलं तर सेकंदाला ४४० किलोबिट पडतात. शंभर कार्डं घ्या: वजन २५ ग्रॅम, वेग ४४ मेगाबिट. आजच्या कुठल्याही अपलिंकला (पृथ्वीवरून वर पाठवणाऱ्या दुव्याला) हे झेपणार नाही. अडचण एकच, हे टपाल २६ महिन्यांतून एकदा निघतं.

न्यायचं कसं, ते महत्त्वाचं. किविक्स या ऑफलाइन वाचनाच्या प्रणालीची झिम फाइल हा सरळ पर्याय. पानं, चित्रं आणि शोधाची सूची एकाच फाइलमध्ये असते, आणि बोटभर रास्पबेरी पाय संगणकावरून तिचा सर्व्हर, किविक्स-सर्व्ह, शंभर माणसांना ती आरामात वाचायला देतं. पण कार्ड फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेलं असेल तर चार जीबीच्या वरची फाइल त्यावर बसतच नाही. एक्सफॅट किंवा ईएक्सटी४ करा, नाहीतर फाइलचे तुकडे करून ठेवा, किविक्स तेही वाचतं.

खरा शत्रू आहे प्रारण. क्युरिऑसिटी मंगळाकडे जाताना तिच्यावरच्या उपकरणाने दिवसाला साधारण १.८ मिलिसिव्हर्ट मोजले, पृष्ठभागावर त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. माणसासाठी हा मोठा प्रश्न आहेच, पण फ्लॅश मेमरीतही अधूनमधून एखादा बिट उलटतो, आणि वीज न देता पडून राहिलेल्या कार्डातला विद्युतभार तसाही झिरपत जातो. झिममध्ये लेख एक-दोन एमबीच्या गठ्ठ्यांत दाबून भरलेले असतात. त्यामुळे एक बिट बिघडला तर एक अक्षर चुकून भागत नाही, त्या गठ्ठ्यातले सगळे लेख उघडायचे थांबतात. फाइलच्या शेवटी एमडी५ची बेरीज (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) असते आणि झिमचेक हे साधन तिच्यावरून बिघाड दाखवतं, पण दुरुस्त करत नाही.

म्हणून प्रत्येक फाइलसोबत पार२च्या दुरुस्ती-फाइली बांधा, दहा टक्के पुरतात: ११० जीबीला ११ जीबी. प्रती तीन, वेगवेगळ्या बनावटीच्या कार्डांवर. एकाच घाण्यातली तीन कार्डं घेतली तर तिन्हींत एकच दोष असण्याची शक्यता असते. पोचल्यावर एका डिस्कवर झेडएफएस ही बिघाड ओळखणारी फाइल-प्रणाली बसवून महिन्यातून एकदा पूर्ण तपासणी लावून द्या.

मराठी वाचकांसाठी आणखी एक. झिममधला मजकूर-शोध झेपियन हे शोधयंत्र करतं, आणि त्यात मराठी प्रत्यय सोडवायची सोय नाही. 'मंगळावरील' असं शोधलंत तर 'मंगळाच्या' असलेली पानं हाती लागत नाहीत. तोवर शीर्षकाची सुरुवातीची अक्षरं टाकून शोधणं बरं. माझं भाकीत: मराठीसाठीचा चांगला प्रत्ययतोड्या कोणीतरी आधी ऑफलाइन वापरासाठीच लिहील, कारण ऑनलाइन असताना सगळे बाहेरच्या शोधयंत्रावर भागवतात. हे काम करायला मंगळाची वाट पाहायची गरज नाही.

दुर्बीणवाला

म्हणजे कोश यानातून आणि रोजचे बदल रेडिओने. बदलांचा रतीब केवढा असेल? आणि तिकडून इकडे होणाऱ्या संपादनांचं काय?

डबाबंद

रतीबाचं सांगतो. इंग्रजी विकिपीडियावर सेकंदाला साधारण दोन संपादनं होतात. दर संपादनाचा नुसता फरक दाबून एक केबी धरा. दिवसाला १,७२,८०० संपादनं, १७० एमबीच्या आसपास, म्हणजे सेकंदाला १६ किलोबिट. आजच्या दोन हजार बिटच्या आठपट, पण हा आकडा आवाक्यातला आहे.

गंमत पुढे आहे. २६ महिने हे फरक साठवले तर होतात १३० जीबीहून जास्त, मूळ फाइलपेक्षाही मोठे! कारण तीच ती गाजलेली पानं पुन्हा पुन्हा बदलतात, आणि कोणी खोडसाळपणा केला की तो एक फरक, तो उलटवला की दुसरा. तेव्हा संपादनागणिक फरक पाठवूच नका. दिवस संपला की प्रत्येक पानाचा कालचा आणि आजचा मजकूर ताडून एकच फरक पाठवा. सकाळी केलेली आणि दुपारी उलटवलेली नासधूस मंगळावर पोचणारच नाही. दिवसभर शिळा असलेला तो कोश इथल्यापेक्षा स्वच्छ असेल, हे माझं दुसरं भाकीत.

साचेकार

संपादनाकडे वळू, माझ्या मते सगळा गुंता तिथे आहे.

संपादनाची खिडकी उघडता तेव्हा मीडियाविकी, म्हणजे विकिपीडिया चालवणारी प्रणाली, लक्षात ठेवतं की तुम्ही कुठल्या आवृत्तीवरून सुरुवात केली. जतन करताना मधे कोणी बदल केला असेल तर मूळ आवृत्ती, त्याची आणि तुमची अशा तिन्ही ताडून ते आपोआप जुळवायला बघतं. एकाच किंवा लगतच्या ओळीत दोघांनी हात घातला असेल तर संघर्ष, मग माणसानेच निवाडा करायचा. विकिमजकुरात अख्खा परिच्छेद म्हणजे एक ओळ. पहिल्या वाक्यात मंगळावरून बदल आला आणि शेवटच्या वाक्यात पृथ्वीवरून, तरी भांडण. मंगळवासी संपादकांनी सवय लावून घ्यावी की दर वाक्य नव्या ओळीवर लिहायचं. एका एंटरने विकीत परिच्छेद तुटत नाही, वाचकाला काही फरक दिसत नाही, पण जुळवणी बरीच सोपी होते.

चालू घडामोडींच्या पानांवर मात्र हेही पुरणार नाही. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ उतरल्यावर त्या लेखाला संपादनांवर संपादनं येत होती. अशा पानावर २० मिनिटं जुन्या आवृत्तीवरून केलेला आणि पोचायला आणखी २० मिनिटं घेणारा बदल दर वेळी हरणार.

दुसरं, जतन करायला सर्व्हरकडून घेतलेलं टोकन (ओळखीची खूण) लागतं आणि ते तुमच्या सत्राशी बांधलेलं असतं. म्हणून पृथ्वीवर एक प्रतिनिधी-सर्व्हर लागेल, जो गठ्ठा उघडून मंगळवासीयाच्या नावाने संपादन करेल. आता कल्पना करा की तिथल्या एका वात्रट पोराने मुखपृष्ठाच्या साच्यावर काही खरडलं आणि प्रचालकाने (विकीच्या व्यवस्थापकाने) त्याला बंदी घातली. स्वयंबंदी त्या आयपीलाही (इंटरनेटवरच्या पत्त्यालाही) २४ तास लागते. आयपी कोणाचा? प्रतिनिधी-सर्व्हरचा. सगळा ग्रह बंद! हे हवेतलं बोलणं नाही. कतार देशातली जवळपास सगळी रहदारी एकाच आयपीवरून यायची आणि २००७ च्या सुरुवातीला तो आयपी अडवल्यावर तसंच झालं होतं. उपायही तिथलाच: प्रतिनिधी-सर्व्हरने मूळ वापरकर्त्याचा पत्ता प्रत्येक मागणीसोबत सांगायचा आणि विकीने त्या सर्व्हरला विश्वासातल्यांच्या यादीत घ्यायचं. वस्ती निघण्याआधीच चावडीवर (विकीच्या चर्चापानावर) हा विषय मांडून ठेवावा.

तिसरं, संदर्भ. वस्तीतली भूशास्त्रज्ञ स्वतःच्या खिडकीतून वादळ बघते आहे, पण लेखात ते लिहू शकत नाही, कारण मूळ संशोधन चालत नाही आणि पडताळता येईल असा प्रकाशित स्रोत हवा. त्यामुळे मंगळावर माणसं गेल्यावर पहिल्या पाच वर्षांत तिथे एक साप्ताहिक निघेल, आणि ते निघण्याचं निम्मं कारण विकिपीडियाला संदर्भ पुरवणं हे असेल. त्यात संपादकीय तपासणी खरी असली पाहिजे, नाहीतर इथले लोक त्याला स्वप्रकाशित म्हणून बाजूला काढतील, आणि ते बरोबरच करतील.

हे सगळं धरून माझा अंदाज: दहा वर्षांत मंगळाची शाखा वेगळी होईल. सुरुवात पृथ्वीच्या प्रतीपासून, पण धोरणं, प्रचालक आणि चावडी त्यांची.

पॅकेटपंत

साचेकार, निदान पूर्णपणे पटलं, पण शाखा फुटायची गरज दिसत नाही. विखुरलेल्या डेटाबेसमध्ये हा प्रश्न जुना आहे: प्रत्येक नोंदीचं घर ठरवायचं आणि अंतिम शब्द त्या घराचा. जेझिरो विवराचं पान मंगळावर राहील. तिथला बदल तिथे लगेच दिसेल, आणि पृथ्वीवरच्या संपादकालाच रांगेत थांबावं लागेल. कोयना धरणाचं पान पृथ्वीवर. घर बदलायचं असेल तर हस्तांतराचा गठ्ठा पाठवायचा आणि पोचपावती येईपर्यंत दोन्हीकडे पान गोठवायचं, जास्तीत जास्त ४४ मिनिटं.

साचेकार

जेझिरोचं ठरलं, 'पाणी' या लेखाचं घर कुठे? 'शेती'चं? 'कॅलेंडर'चं? मंगळाचा दिवस २४ तास ३९ मिनिटं ३५ सेकंदांचा. त्यांच्या दृष्टीने 'दिवस' या लेखाची पहिली ओळच अपुरी. अशी सामायिक पानं थोडी असतात, पण वाद तिथेच होतात. त्यांच्यासाठी मला वाईच्या विश्वकोशाची रीत जवळची वाटते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली १९७६ पासून निघालेल्या त्या खंडांमध्ये नोंद लिहिणारा एक, तपासणारा विषयतज्ज्ञ दुसरा, आणि मजकूर त्यांच्यात टपालाने फिरला तरी काम अडत नव्हतं. ४४ मिनिटांची फेरी टपालापेक्षा कितीतरी वेगवान आहे. सामायिक पानांना तत्काळ संपादन बंद ठेवून प्रलंबित बदलांची रांग लावली, आणि दोन्ही ग्रहांवरचा एकेक तपासनीस ठेवला, तर शाखा टळू शकेल. एवढी माघार घेतो.

अवकाशवेध

सगळे थेट मंगळावर पोचलात, मधे चंद्र आहे. तिथे फेरी २.६ सेकंदांची. पॅकेटपंतांच्याच चार पायऱ्या धरल्या तर मजकूर दहा सेकंदांत, चित्रांसकट वीस-एकवीस. चिडचिड होईल, पण साधा ब्राउझर चालेल. आणि २०१३ मध्ये नासाच्या लॅडी यानाच्या लेझरने चंद्राकडून ६२२ मेगाबिट आणि चंद्राकडे २० मेगाबिट नेऊन दाखवले आहेत. ११० जीबी सव्वाबारा तासांत. म्हणून पृथ्वीबाहेरची, माणसं रोज वाचतात अशी पहिली विकी-प्रत मी चंद्रावरच्या तळात धरतो.

खरं तर एक प्रत तिथे असूही शकते. ११ एप्रिल २०१९ ला चंद्रावर आदळलेल्या बेरेशीट या इस्रायली यानात आर्च मिशन या संस्थेचं ग्रंथालय होतं: ४० मायक्रॉन जाडीच्या २५ निकेलच्या चकत्या, तीन कोटी पानं, त्यांत इंग्रजी विकिपीडिया. वरच्या चार चकत्यांवर सूक्ष्मदर्शकातून सरळ वाचता येईल असा मजकूर, खालच्यांवर डिजिटल. निकेलला प्रारणाने बिट उलटायची भीती नाही, त्यामुळे तुकडे शाबूत असतील तर वाचले जातील. माझं लाडकं भाकीत: २१०० नंतर कोणीतरी तो ढिगारा उकरेल, आणि २०१९ मधलं कुठलं पान किती चुकीचं होतं यावर प्रबंध लिहील.

एक गोष्ट तुमच्या आराखड्यातून सुटली: युती. दर २६ महिन्यांनी सूर्य मधे येतो आणि साधारण दोन आठवडे आज्ञा पाठवणं थांबवतात, कारण सूर्याजवळच्या प्लाझ्मातून जाताना संदेश बिघडतो. बिघडलेली आज्ञा ही न मिळालेल्या आज्ञेपेक्षा वाईट. डबाबंदांच्या हिशेबाने तेवढ्यात २.४ जीबी फरक तुंबेल, आणि पॅकेटपंतांचं गठ्ठ्याचं आयुष्य निदान महिनाभराचं ठेवावं लागेल. पृथ्वीच्या कक्षेत ६० अंश पुढे, सूर्य आणि पृथ्वीच्या ओढीचा तोल साधणाऱ्या एल४ बिंदूवर एक पुनःप्रक्षेपक ठेवला तर वाट सूर्याला वळसा घालून जाते. युतीच्या वेळी सरळ वाटेला २१ मिनिटं, या वाटेने साडेसव्वीस. साडेपाच मिनिटांच्या बदल्यात दोन आठवडे वाचतात. कोशासाठी एवढा खर्च कोणी करणार नाही, पण वैद्यकीय सल्ल्यासाठी करतील, आणि कोश त्याच गाडीने जाईल.

शिवाय मंगळाचा क्षीण संदेश ऐकायला आपल्या खोडदच्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या तबकड्या आहेतच. १९ ऑक्टोबर २०१६ ला शियापरेली हे यान मंगळावर उतरत असताना त्याचा रेडिओ संकेत नारायणगावजवळच्या याच तबकड्यांनी थेट पकडला होता. आणीबाणीत मंगळाचं साप्ताहिक पहिल्यांदा जुन्नर तालुक्यात पोचलं, तर नवल वाटायला नको.

दुर्बीणवाला

भरून पावलो. यातलं काही घरी करून बघता येईल का?

पॅकेटपंत

येईल. दोन रास्पबेरी पाय आणि एक केबल. एकावर किविक्स-सर्व्ह आणि मराठी विकिपीडियाची झिम, दुसऱ्यावर ब्राउझर. दोन्हींवर लिनक्सच्या नेटएम या साधनाने जाणाऱ्या पॅकेटांना १८६ सेकंदांचा विलंब लावा, म्हणजे मंगळ सर्वांत जवळ असतानाची स्थिती झाली.

तीन ठिकाणी अडाल. केबलवरूनच एसएसएचने (दुरून लॉगिन करून) आत शिरला असाल तर विलंब लावताक्षणी स्वतःलाच बाहेर काढाल, म्हणून वायफायवरून शिरा आणि विलंब फक्त केबलच्या बाजूला लावा. दुसरं, नेटएम एआरपीची, म्हणजे शेजाऱ्याचा पत्ता विचारणारी, पॅकेटंही अडकवतं. शेजाऱ्याचा पत्ता तीन सेकंदांत मिळाला नाही की यंत्र पोचता येत नाही म्हणून मोकळं होतं, आणि तुम्हाला वाटतं टीसीपी हरलं. दोन्हीकडे एकमेकांचे मॅक पत्ते हाताने कायमचे नोंदवा. तिसरं, नेटएमची रांग मुळात हजार पॅकेटांची असते. मोठी फाइल सोडली की ती भरून पॅकेटं सांडतात, मर्यादा लाखावर न्या.

मग पिंग चालू ठेवा. पहिलं उत्तर ३७२ सेकंदांनी येईल. ब्राउझर उघडा, तो जोडणी न झाल्याचं सांगून थांबेल. त्यानंतर जेपीएलचं आयओएन हे डीटीएनचं सॉफ्टवेअर दोन्हीकडे बसवा, ते मुक्त स्रोत आहे, आणि एक लेख एलटीपी या लांब पल्ल्याच्या वाहतुकीच्या नियमांनी गठ्ठा करून पाठवा. त्याच्या मांडणीत दोन यंत्रांमधलं एका बाजूचं अंतर सेकंदांत लिहायची 'रेंज'ची ओळ असते, तिथे १८६ च लिहा. नमुन्याच्या फाइलमधला १ तसाच राहिला, तर एलटीपीला दोन-चार सेकंदांतच पोचपावती हवी असते, ती आली नाही की ते तेच पुन्हा पाठवतं, आणि एका लेखासाठी सगळी वाट त्याच्याच प्रतींनी भरून जाते.